शेवट आणि साध्य : माँतेनचे दोन मृत्युविचार

मराठीत लघुनिबंधाची चर्चा निघाली की या वाङ्मयप्रकाराचा मूळपुरुष म्हणून फ्रेंच निबंधकार माँतेन याचे नाव घेण्याचा प्रघात पडून गेला आहे. ते घेताना आपल्या डोळ्यांपुढे एका खेळकर, बहुश्रुत व स्वतःविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्या गृहस्थाची मूर्ती उभी राहते. ही मूर्ती खोटी नव्हे. पण ती अपुरी आहे. हा खेळकर गृहस्थ लिहावयास बसला तो मृत्यूच्या छायेत, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. १५६३ साली त्याचा जिवलग मित्र ला बोएसी अकाली वारला. १५६८ साली वडील गेले. आणि १५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बोर्दो येथील न्यायाधिकाऱ्याचे पद सोडून तो आपल्या गढीच्या बुरुजातील ग्रंथालयात येऊन बसला. प्रौढ वयात मृत्यूचा विचार मनात घर करू लागला म्हणजे त्याचे काय करावे, या प्रश्नाला माँतेनने एक नव्हे, तर दोन उत्तरे दिली आहेत. ती परस्परविरुद्ध आहेत, आणि त्यांपैकी पहिलेच अधिक प्रसिद्ध पावले हे वाचकांचे दुर्दैव होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिले उत्तर ज्या निबंधात आहे त्याचे शीर्षकच मुळी ‘तत्त्वज्ञान शिकणे म्हणजे मरण्यास शिकणे’ अशा आशयाचे आहे. आपणास एकोणचाळीस वर्षे पुरी होऊन पंधरा दिवस लोटले, अशी नोंद त्याने त्यात केली आहे. आयुष्याचा अर्धा डाव संपल्यावर शिल्लक मोजण्याची जी खोड माणसास जडते, तिची ही नोंद बोलकी साक्ष आहे. मृत्यू अपरिचित म्हणून भयंकर वाटतो, तेव्हा त्याच्याशी सलगी करावी, हा निबंधाचा उपदेश. घोडा ठेचाळला, कौल घसरले, टाचणी टोचली, तरी ‘हाच तो क्षण असता तर?’ असे मनास विचारीत राहावे. मेजवानीच्या ऐन रंगात मृताचा सांगाडा पुढे आणणाऱ्या प्राचीन मिसरी लोकांचा दाखला तो देतो. आणि खेळताना कानाजवळ चेंडू लागून तेविसाव्या वर्षी मरण पावलेल्या आपल्या सख्ख्या भावाचाही देतो.

मराठी वाचकास हे वाचताना दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील मृत्युनिरूपणाचा समास आठवल्याखेरीज राहणार नाही. शूर, धनवंत, राजा, विद्वान असा कोणताही भेद मृत्यू जाणत नाही, हे समर्थांनी त्यात एकामागून एक आघात करीत ठसविले आहे. परंतु समर्थांचा समास ही एक पायरी आहे. श्रोत्यास भय घालावयाचे ते त्याने जन्माचे सार्थक करावे म्हणून. पुढचा मार्ग ग्रंथात सिद्धच आहे. माँतेनच्या निबंधात पायऱ्या आहेत, देऊळ नाही. मृत्यूची उजळणी कशासाठी, तर मृत्यूचे भय जावे म्हणून. आणि भय जावे म्हणून पुन्हा उजळणी. शिवाय येथील आवाजही बहुतांशी उसना आहे. सेनेकाचा करारीपणा आणि ल्युक्रेशियसच्या निसर्गदेवतेचे भाषण वगळले, तर निबंधाचा डोलारा फारसा उभा राहत नाही. स्मशानातून परतताना मनास जे वैराग्य येते ते घरची वेस ओलांडताच सरते, म्हणून आपल्या भाषेने त्यास स्मशानवैराग्य असे नाव ठेवले. माँतेनचा हा निबंध म्हणजे ते स्मशानवैराग्य तालमीने टिकवून धरण्याची खटपट आहे. वर्गातील वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास तो फार आवडतो, असा आमचा अनुभव आहे. त्या वयात मृत्यू हा वक्तृत्वाचा विषय असतो.

तथापि याच निबंधात एक वाक्य असे आहे की, ते सेनेकाला सुचले नसते. मृत्यूने आपणास कोबीची रोपे लावीत असताना गाठावे, आणि त्या वेळी आपणास त्याची फिकीर नसावी, बाग अपुरी राहिल्याची तर मुळीच नसावी, अशी इच्छा माँतेन तेथे व्यक्त करतो. क्षणोक्षणी मृत्यूची उजळणी करणाऱ्या माणसाचे लक्ष रोपांवर कसे लागावे? हा प्रश्न त्याने स्वतःस तेथे विचारलेला नाही. पण दुसऱ्या उत्तराचे बीज या विसंगतीतच आहे.

एकदा त्याच्याच चाकराच्या भरधाव घोड्याची धडक बसून तो दूर फेकला गेला आणि मेल्यासारखा पडला. शुद्धीवर येतानाचे अनुभव त्याने दुसऱ्या भागातील एका निबंधात विलक्षण बारकाईने टिपले आहेत. मरणाच्या उंबरठ्यावर त्यास भय आढळले नाही; झोपेत उतरावे तसे सुख आढळले. वेदना सुरू झाल्या त्या जिवंतपणाबरोबर. आणि त्या अर्धवट शुद्धीतही, वाटेवर धडपडत येणाऱ्या बायकोसाठी घोडा द्या, असे तो बोलून गेला! येथे पुस्तकी माँतेन संपला आणि आपला माँतेन सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

बोर्दोच्या नगराध्यक्षपदावरून तो १५८५ साली उतरला, त्या सुमारास त्या प्रांतात प्लेगने थैमान घातले. कुटुंबास घेऊन सहा महिने तो आसऱ्यासाठी वणवण भटकला. या काळाचे वर्णन १५८८ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात, मुखचर्येवरील निबंधात आले आहे. त्या मुलखाची सारी संपत्ती जी द्राक्षे, ती वेलीवर तशीच लोंबत राहिली. धडधाकट शेतकरी स्वतःची थडगी खणीत होते. माँतेनच्याच एका मजुराने प्राण जाता जाता हातापायांनी स्वतःवर माती ओढून घेतली. या माणसांनी कोणते तत्त्वज्ञान वाचले होते, असे विचारून तो आपला जुना सिद्धान्त उलटवून टाकतो. पूर्वी त्याने मृत्यूस जीवनप्रवासाचे साध्य म्हटले होते. आता तो म्हणतो की मृत्यू हा जीवनाचा शेवट खरा, पण साध्य नव्हे. मूळ फ्रेंच शब्द लेखनात अवघ्या एका अक्षराच्या फरकाचे आहेत. मधल्या वर्षांचे शिक्षण त्या अक्षरात साठले आहे. मरावे कसे याची चिंता नको, ते काम वेळ येताच निसर्ग पार पाडील, हे त्याचे दुसरे उत्तर.

हे उत्तर अधिक सुखाचे आहे, म्हणूनच त्याविषयी सावध असले पाहिजे. गढीतला जमीनदार कुळांची शांत मुद्रा पाहतो आणि तिला निसर्गाचे शहाणपण म्हणतो. ज्यांना आक्रोश करावयास सवड नव्हती त्यांचे मौन त्याने समाधान म्हणून वाचले, हा आक्षेप सहज खोडून काढता येणार नाही. परंतु आमच्या मते त्याने दिलेला पुरावा त्याच्या निष्कर्षाहून मोठा आहे. थडगे खणणारा शेतकरी मृत्यूस विसरला आहे, असे कोण म्हणेल? त्याने मृत्यूचा विचार केला, पण फावड्याने केला. मृत्यूचे जेवढे काम आपल्या हाती होते तेवढे त्याने उरकले.

या वृत्तीस आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : निरवानिरव. घरातील वडील माणूस किल्ल्या सुनेच्या हाती देतो, देणेघेणे मुलास समजावून सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तुळशीला पाणी घालतो. त्यात मृत्यूचा विसर नाही आणि त्याचा ध्यासही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसास रात्री जाग येऊन जो विचार छळतो, त्याला बुद्धीने दिलेली उत्तरे पहाटेपर्यंत पुरत नाहीत. त्या विचारास काम नेमून देता येते. मृत्युपत्र लिहावे, तुटलेले संबंध सांधावे, अर्धे राहिलेले पुस्तक कोणाच्या हाती द्यावयाचे ते ठरवावे. एवढे झाल्यावर त्यास अधिक जागा देण्याचे कारण नाही. पहिल्या निबंधातील कोबी आणि बाराव्या निबंधातील थडगे यांसाठी माती एकाच फावड्याने उकरावी लागते, हे माँतेनने कोठेही लिहिलेले नाही; पण दोन्ही निबंध जवळ ठेवून वाचणाऱ्यास ते दिसल्यावाचून राहत नाही.

१५९२ साली, एकोणसाठाव्या वर्षी, माँतेन मरण पावला. तोवर तो १५८८ च्या छापील प्रतीच्या समासात भर घालीतच होता. पहिला निबंध त्याने रद्द केला नाही. त्यातही भर घातली. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाचे भय पंचावन्न वर्षांच्या माणसाने पुसून टाकले नाही, यात या ग्रंथाचा मोठेपणा आहे. आमचा लघुनिबंध माँतेनपासून खेळकरपणा शिकला. हा प्रामाणिकपणा त्याने अजून शिकावयाचा आहे. वाचकांनी माँतेन हाती घ्यावा तो क्रमाने घ्यावा, आणि पहिल्या भागापाशी थांबू नये.