‘बर्जेस शेल’: एक नाव, तीन अर्थ

महाविद्यालयात भूविज्ञान शिकवताना वर्षाच्या पहिल्या तासाला मी ठरलेली गोष्ट सांगत असे. १९०९ च्या ऑगस्टअखेरीस कॅनडातील रॉकी पर्वतात चार्ल्स वॉलकॉट यांना काळ्या शेलमध्ये मऊ अंगाच्या प्राण्यांचे ठसे सापडले. पुढे त्यांनी पासष्ट हजारांवर नमुने वॉशिंग्टनला नेले आणि ते ओळखीच्या प्राणिगटांत बसवून टाकले. साठेक वर्षांनी हॅरी व्हिटिंग्टन आणि त्यांचे विद्यार्थी सायमन कॉनवे मॉरिस व डेरेक ब्रिग्ज यांनी हे प्राणी नव्याने तपासले, तेव्हा पाच डोळ्यांचा ओपाबिनिया कोणत्याच गटात बसेना. मुले भारावून ऐकत. गोष्ट अर्थात माझी नव्हती. स्टीफन जे गूल्ड यांच्या ‘वंडरफुल लाइफ’ (१९८९) या पुस्तकाची होती. निवृत्तीनंतर ते मी पुन्हा वाचले आणि आपण मुलांना अर्धीच गोष्ट सांगितली, हे लक्षात आले.

गूल्ड यांचा सिद्धान्त थोडक्यात असा: कँब्रियन काळात प्राण्यांच्या शरीररचनेचे जेवढे मूळ आराखडे होते, तेवढे आज नाहीत. त्यांतले कोणते टिकले, हा नशिबाचा भाग. जीवनाची फीत मागे नेऊन पुन्हा वाजवली, तर वेगळेच गाणे निघेल.

यावरचा जीवशास्त्रीय आक्षेप आता परिचित आहे. हॅलुसिजेनिया हा त्यांचा लाडका विचित्र प्राणी. १९७७ मध्ये कॉनवे मॉरिस यांनी त्याला काट्यांवर उभे केले होते. चीनमधील जीवाश्मांच्या आधारे १९९१ मध्ये तो उलटा करण्यात आला: काटे पाठीवर गेले आणि प्राणी मखमली कृमींचा नातेवाईक ठरला. ओपाबिनिया व अनोमॅलोकॅरिस आज संधिपाद प्राण्यांच्या वंशवृक्षाच्या खोडावर, लुप्त झालेल्या फांद्या म्हणून दाखवतात. वॉलकॉट यांनी प्रत्येक प्राणी जुन्या खणात कोंबला. गूल्ड यांनी न मावणाऱ्यासाठी नवे कपाट मागितले. दोघांनीही खोडाचा विचार पुरेसा केला नाही. कॉनवे मॉरिस यांनीच १९९८ मध्ये गूल्ड यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिले.

माझी तक्रार मात्र खडकाविषयी आहे. प्राण्यांच्या वर्गीकरणावर पानेच्या पाने लिहिणारे गूल्ड खडकाचे वर्गीकरण जणू मिटलेला प्रश्न समजतात. वॉलकॉट यांनी जवळच्या माउंट बर्जेसवरून हे नाव दिले, ते स्टीफन शैलसमूहातील एका स्थानिक शेलला. गूल्ड यांच्या चित्रात समुद्रतळावर चुनखडकाचा उंच कडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी घसरलेल्या चिखलात प्राणी गाडले गेले आहेत. १९९८ मध्ये फ्लेचर आणि कॉलिन्स यांनी कड्यापुढचे जाड थर स्टीफनपासून वेगळे काढले, त्यांना ‘बर्जेस शेल शैलसमूह’ असा दर्जा दिला आणि त्याचे दहा घटक पाडले. वॉलकॉट यांचा सुमारे दोन मीटरचा प्रसिद्ध थर त्यांतल्या एकाच घटकात आहे. इतर घटकांतही जीवाश्म आहेत, आणि ते तसेच्या तसे नाहीत. ही विभागणी सर्वांनी स्वीकारलेली नाही. काही जण अजून ‘जाड स्टीफन’ आणि ‘पातळ स्टीफन’ असेच म्हणतात.

हा केवळ नावांचा खेळ नाही. २०१० मध्ये स्टॅन्ली हिमनदीजवळच्या ‘पातळ स्टीफन’मधून तशाच मऊ प्राण्यांचे जीवाश्म प्रसिद्ध झाले. तिथे कडा नाही. म्हणजे कडा ही अट नव्हती. आपण शोधत मात्र कड्याच्या पायथ्याशी होतो. ‘बर्जेस शेल’ म्हणजे एक थर, की शैलसमूह, की जगभर कुठेही आढळणारी जतनाची एक तऱ्हा? गूल्ड यांचा पुरावा मुख्यतः पहिल्या अर्थातला आहे आणि निष्कर्ष साऱ्या प्राणिसृष्टीविषयीचा. एकाच खिडकीतून दिसलेला प्राणी एकाकी आणि विलक्षण वाटतो. दुसऱ्या खिडक्या उघडल्या की त्याचे भाऊबंद दिसू लागतात. प्राण्याचे एकाकीपण काही अंशी खडकाचे एकाकीपण होते.

तरीही पुस्तक बाद होत नाही. वॉलकॉट यांच्या मनातील पूर्वग्रह ज्या चिकाटीने गूल्ड उलगडतात, ती पद्धत आजही शिकवावी अशी आहे. शिवाय ओपाबिनिया खोडावर बसला, म्हणून त्याची फांदी का वाळली याचे उत्तर मिळत नाही. नशिबाचा प्रश्न उभाच आहे.

आपल्याकडेही हा धडा लागू आहे. ‘आंतरट्रॅपीय’ हा शब्द दोन लाव्हाप्रवाहांमधली जागा सांगतो, वय नाही. नागपूरजवळचे असे थर क्रिटेशस काळाच्या अखेरचे आणि मुंबईचे त्यानंतरचे, तरी दोन्हींना आपण तोच शब्द लावतो. मी स्वतःही फळ्यावर ते एकाच रकान्यात लिहीत आलो. ती मुले आता कुठे कुठे आहेत, ठाऊक नाही. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर तो रकाना कृपया दुरुस्त करून घ्यावा.