धक्का की पायरी? : ‘व्हर्टिगो’ चित्रपटातील भयगंड आणि समुपदेशनाचा विचार

प्रस्तावना

भीती ही माणसाच्या संरक्षणाची नैसर्गिक व्यवस्था होय. समोर उभ्या असलेल्या धोक्यामुळे भीती वाटते, तर संभाव्य धोक्याच्या कल्पनेने चिंता निर्माण होते. एखाद्या वस्तूविषयी वा परिस्थितीविषयी प्रमाणाबाहेर वाटणारी, दीर्घकाळ टिकणारी आणि ती परिस्थिती टाळावयास लावणारी भीती म्हणजे भयगंड. असा भयगंड एका धक्क्याने जातो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. पाण्याला भिणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलून द्यावे, हा सल्ला त्याच समजुतीतून येतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५८ सालच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटाच्या आधारे या समजुतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्टुलाचा प्रसंग

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस खात्यातील गुप्तहेर स्कॉटी फर्ग्युसन पाठलाग करताना छपरावरून घसरतो आणि पन्हळीला लोंबकळत राहतो. त्याला वाचविण्यासाठी हात पुढे करणारा पोलीस कोसळून मृत्युमुखी पडतो. या घटनेनंतर उंचीवर जाताच स्कॉटीला भोवळ येऊ लागते. तो नोकरीच सोडतो. भीतीचे स्थळ टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते; परंतु त्यामुळेच भीती पक्की होत जाते.

दुसऱ्या भावनिक धक्क्यानेच हे भय गेले तर जाईल आणि बहुधा तेही होणार नाही, असे डॉक्टरांचे मत त्याची मैत्रीण मिज त्याला सांगते. स्कॉटी मात्र थोड्याथोड्या उंचीची सवय करण्याचे ठरवितो. तो आधी लहान स्टुलावर आणि मग पायऱ्यांच्या उंच स्टुलावर चढतो. शेवटच्या पायरीवर खिडकीतून खालचा रस्ता दिसताच तो मिजच्या हातांत कोसळतो.

स्कॉटीची ही कल्पना शास्त्रीयदृष्ट्या योग्य होती. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या बालकाची सशाची भीती याच मार्गाने कमी केल्याची नोंद प्रसिद्ध केली. मूल आवडता खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणला जाई. भीतीच्या प्रसंगांची चढती श्रेणी तयार करून शिथिल अवस्थेत एकेक पायरी ओलांडण्याची पद्धत जोसेफ वोल्पे यांनी ज्या ग्रंथात मांडली, तो ग्रंथही १९५८ सालचाच. पुढील संशोधनातून असे दिसले की, शिथिलीकरण अपरिहार्य नसले तरी भीतीला नियोजनपूर्वक सामोरे जाणे हाच उपचाराचा गाभा आहे.

मग स्कॉटीचा प्रयोग का फसला? मधल्या पायऱ्या गाळल्या गेल्या. स्टुलावरून तो एकदम अनेक मजल्यांच्या खोलीला सामोरा गेला. अपयश आल्यावर एक पायरी खाली उतरून पुन्हा आरंभ करावा, हे सांगणारेही कोणी नव्हते.

सांत्वन आणि समुपदेशन

तुझा दोष नव्हता, असे मिज त्याला सांगते. सगळेच तसे म्हणतात, असे तो उत्तरतो. येथे विषय संपतो. उंचीच्या भयामागे एका माणसाच्या मृत्यूची अपराधी भावना आहे, तिच्याविषयी त्याला बोलते कोणीच करीत नाही. सांत्वन उत्तर देऊन मोकळे होते. समुपदेशन त्या उत्तराने समाधान का होत नाही, हे विचारते. पुढे रुग्णालयात मूक झालेल्या स्कॉटीला मोझार्टचे संगीत ऐकविले जाते, त्या वेळीही हेच घडते.

त्याचा जुना महाविद्यालयीन सोबती गॅव्हिन एल्स्टर तर या भयाचा उपयोग खुनासाठी करतो. स्कॉटी मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत चढू शकणार नाही, या खात्रीवर त्याचा सारा डाव उभा आहे. दुसऱ्याची भीती ठाऊक असणे ही एक सत्ता आहे. म्हणूनच गोपनीयता हा समुपदेशनातील केवळ शिष्टाचार नसून त्याचा पाया आहे.

धक्क्याची किंमत

अखेरीस स्कॉटी ज्यूडीला फरफटत मनोऱ्यावर नेतो. तो माथ्यावर पोहोचतो, त्याचे भय जाते. पण ज्यूडी खाली कोसळून मरते. डॉक्टरांचे भाकीत खरे ठरले, असा अर्थ काढणारा प्रेक्षक चित्रपटाचे शेवटचे दृश्य विसरतो. काठावर उभ्या असलेल्या त्या माणसाला आता उंची भिववीत नाही, एवढेच. तो बरा झाला असे म्हणता येत नाही. चित्रपटाने धक्क्याचा पुरस्कार केलेला नाही, त्याची किंमत दाखविली आहे. त्याची मर्यादा एवढीच की, स्टुलाचा मार्ग त्याने फार लवकर सोडून दिला.

तीव्र भीतीला एकदम सामोरे नेण्याची उपचारपद्धतीही आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि तीत रुग्णाची संमती, पूर्वतयारी आणि प्रशिक्षित तज्ज्ञाची उपस्थिती आवश्यक असते. विहिरीत ढकललेल्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते.

निष्कर्ष

भयगंड हा भित्रेपणा नव्हे आणि तो केवळ निर्धाराने जाईलच असेही नाही. उपचाराची पायरी किती उंच असावी, हे ठरविण्यात भिणाऱ्याचाही वाटा असला पाहिजे. चिंतेने झोप, काम वा अभ्यास विस्कळीत होत असेल, तर समुपदेशकाकडे आणि आवश्यकतेनुसार मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. शिक्षक व पालक यांनी मुलाला ढकलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : तुला नेमके कशाचे भय वाटते? स्कॉटीला हा प्रश्न कोणीही विचारला नाही.