‘मकराता’ : एका शब्दाचे मोल

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी मे २०१७ मध्ये उलुरू येथे प्रसृत केलेले निवेदन राजकीय खरे. परंतु ते वाङ्मयीन कसोटीवरही पारखण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते. जेमतेम पानभराचे हे लेखन शासनाकडे अर्ज करीत नाही. ते देशबांधवांस साद घालते. भूमी ही केवळ मालमत्ता नसून पूर्वजांशी जडलेले नाते होय, ही वडीलधाऱ्यांची शिकवण त्याच्या युक्तिवादाचा पाया आहे. अंतिम उद्दिष्ट सांगताना योलंगू भाषेतील ‘मकराता’ हा शब्द योजिला आहे. संघर्षानंतर एकत्र येणे, हा त्याचा अर्थ. मूळ विधीत अपराध्याच्या मांडीत भाला टोचून मगच वैर मिटवीत. आपल्या ‘सलोखा’ शब्दात गोडवा आहे, अन्यायाची कबुली नाही. ‘मकराता’त ती गृहीतच आहे. शेकडो भाषांच्या वतीने एकाच भाषेतील शब्द बोलतो, हे मात्र या लेखनातील न्यून होय.

१४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी यातील पहिली मागणी फेटाळली. तेवढ्यावरून हे लेखन निष्फळ ठरले, असे आम्ही मानीत नाही. समेटाआधी सत्यकथन हवे, हा त्याचा आग्रह कोणत्याही मतदानाने खोटा ठरत नाही.