घराची मूळ प्रत आणि घराची नक्कल

भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पाहण्याचा योग आम्हांस गेल्या हिंवाळ्यांत आला. खापरहून नंदुरबार, तेथून तापीकांठच्या रेल्वेनें भुसावळ व पुढें भोपाळ असा प्रवास एकट्यानेंच करून आम्ही श्यामला टेकडीवर पोंचलों व दिवसभर तेथेंच फिरलों. ही संस्था १९७७ सालीं स्थापन झाली असून टेकडीवरील सुमारें २०० एकर जागेंत निरनिराळ्या प्रांतांतील जमातींचीं घरें उघड्यावर मांडिलीं आहेत. त्याच आवारांत प्राचीन चित्रें असलेले शैलाश्रयही आहेत. संशोधकानें अवश्य पाहावें असें हें स्थळ आहे, हें प्रथमच सांगून टाकितों. कारण पुढें लिहावयाचें आहे तें दोषदर्शनासाठीं नव्हे.

स्वीडनमध्यें आर्तुर हाझेलियस यांनीं १८९१ सालीं स्टॉकहोम येथें स्कान्सेन हें उघड्यावरचें संग्रहालय काढिलें, तेव्हां खेड्यांतील जुनीं घरें खोलून, तेथें आणून, पुन्हां जशींच्या तशीं उभीं केलीं. भोपाळास मुख्यतः दुसरी रीति आहे. त्या त्या जमातीच्या माणसांस बोलावून त्यांच्याच हातून घर बांधवून घेतात. पोथ्यांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर स्कान्सेन हा मूळ प्रतींचा संग्रह आहे, आणि भोपाळचीं घरें ह्या परंपरेंतील जाणत्या लेखकानें केलेल्या नव्या नकला आहेत.

नक्कल म्हणून ती हिणकस ठरत नाहीं. गवत, बांबू व माती यांचें घर दर कांहीं वर्षांनीं नवें करावेंच लागतें. त्याची मूळ प्रत भिंतींत नसून बांधणाराच्या हातांत असते. संग्रहालयाची रीति ह्या दृष्टीनें आम्हांस ग्राह्य वाटते. तथापि राठवांच्या घरापुढें आम्ही बराच वेळ थबकलों. ही जमात आमच्या सातपुड्याच्या शेजारची. तिच्यांत पिठोऱ्याचें चित्र घराच्या भिंतीवर काढितात तें नवस फेडण्यासाठीं. लखारा तें लिहितो, बडवा विधि करितो, आणि ज्याचा नवस तो यजमान खर्च सोसतो. लखारा संग्रहालयांत आणितां येतो. यजमानाचें संकट व त्याचा नवस आणितां येत नाहीं. पोथी कोणीं, कोणासाठीं, कोणत्या शकांत लिहिली हें सांगणारी पुष्पिका गळाली, म्हणजे अक्षर सुंदर असूनही संशोधकास जें उणें भासतें, तेंच येथें भासलें.

परत आल्यावर तळोदें तालुक्यांतील पुनर्वसनाच्या एका गांवीं आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. सरदार सरोवरामुळें अक्कलकुवें व अक्राणी ह्या तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. मणिबेली हें त्यांतलेंच. धरणाची उंची १३८·६८ मीटर झाली व २०१७ सालीं त्याचें लोकार्पण झालें. ह्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं पाणी चढण्यापूर्वींच घर खोलून सागाचे खांब नव्या गांवीं आणिले होते. आतां भिंती विटांच्या आहेत, छपर पत्र्याचें आहे. परंतु मधल्या खांबास एक रिकामी खोबण दिसली. आम्हीं विचारिलें. तो म्हणाला, "गुरुजी, माळ्याची तुळई इथं बसायची. ह्या घराला माळाच नाहीं. खांब पुरतांना तोंडही फिरलं."

भोपाळच्या दिवसभरांत जें मिळालें नाहीं, तें ह्या एका खोबणींत मिळालें. तेथें घराची रचना सबंध आहे, पण तें घर कोणी जगलेलें नाहीं. येथें रचना मोडली आहे, पण खांब मूळचा आहे आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस जवळ उभा आहे. अथर्ववेदाच्या नवव्या कांडांतील शालासूक्तांत घराच्या गाठी सोडून तें अन्यत्र नेण्याचा प्रसंग आहे, व नेल्या जाणाऱ्या घरास वधूची उपमा दिली आहे. वधू सासरीं जाते ती माहेरचें नांव सांगत जाते. हे खांब मात्र निनांवी होऊं लागले आहेत. विद्यार्थ्याच्या मुलास त्या खोबणीचा अर्थ ठाऊक नव्हता.

संग्राहकांपैकीं कित्येकांच्या दिवाणखान्यांत जुन्या घरांचे कोरीव खांब व चौकटी आहेत. आमच्याही ओसरीवर एक आहे, आणि तो कोणत्या गांवचा हें विकणारास आम्हीं विचारिलें नव्हतें. पोथीचें सुटें पान विकत घेणारास आपण दोष देतों. हा प्रकार त्याहून वेगळा नाहीं. म्हणून आमची सूचना एवढीच. पुनर्वसनाच्या गांवीं जाऊन प्रत्येक जुन्या खांबाचें माप, खोबणींच्या दिशा, मूळ गांव व पाडा, आणि बांधणाराचें नांव हीं घरच्या वृद्धांच्या तोंडून उतरून घ्यावीं. खांब घेऊं नयेत. ते उभे आहेत तेथेंच असावेत. हें काम एखाद्या मोठ्या संस्थेची वाट न पाहतां वही-पेन्सिलीनें होण्याजोगें आहे, व तें सांगणारे वृद्ध हयात आहेत तोंवरच होण्याजोगें आहे. आम्हीं त्या एका घरापासून आरंभ केला आहे.