तृतीय पुरुषाकडून प्रथम पुरुषाकडे

समलिंगी प्रेमाविषयी समाजाची दृष्टी कशी पालटत गेली, याचा इतिहास बहुधा कायद्याच्या तारखांनी सांगितला जातो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम अशा संबंधांना निसर्गक्रमाविरुद्ध मानीत होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध त्यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही. या तारखांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकाला निराळा प्रश्न पडतो. या काळात मराठीत या प्रेमाविषयी कोण बोलत होते, आणि कोणत्या पुरुषात? 'पुरुष' हा शब्द येथे व्याकरणातील अर्थाने घ्यावयाचा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात (१९२७–१९५३) वाचक प्रश्न विचारीत आणि संपादक उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही खटला हरला. कर्व्यांचे धैर्य मोठे, परंतु त्या सदराची रचनाच अशी, की विषय बोलला जाई तो रोग आहे की नाही या निवाड्यासाठी. विचारणारा अज्ञात राही आणि ज्याच्याविषयी विचारावयाचे तो 'तो' राही. हा तृतीय पुरुष होय.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या शीर्षकातच एक व्याकरणिक संदिग्धता आहे. 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'मित्रा'. नायिका सुमित्रा देव हिचे लाडके नाव 'मित्रा', आणि तेही प्रत्ययापूर्वी तसेच राहते. म्हणून 'मित्राची' या पदात लिंग दिसेनासे होते. नाटकात मात्र ते क्षणभरही दृष्टीआड होत नाही. नमावर प्रेम करणाऱ्या मित्राची कथा सांगतो बापू. तो सहृदय आहे, तिच्यावर त्याचे प्रेमही आहे. परंतु आपल्याला दिसते ते त्याच्या समजुतीच्या मर्यादेपर्यंतच. मित्राच्या आत्मनाशाने कथा संपते आणि सांगणारा जिवंत उरतो. या शेवटावर आक्षेप घेता येईल, आणि तो मला मान्य आहे. परंतु सहानुभूती म्हणजे आकलन नव्हे, हे तेंडुलकरांनी बापूच्या निवेदनातूनच दाखविले आहे, ही या नाटकाची खरी कमाई होय.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) येथे निर्णायक पाऊल टाकते. पहिल्या भागात तनय स्वतः बोलतो आणि घरी भाड्याने राहिलेल्या निनावी तरुणाला उद्देशून बोलतो. इंग्रजीत अशा संबोधनात दोघांचेही लिंग लपविता येते. मराठीत 'जातो' आणि 'जाते', 'आलास' आणि 'आलीस' यांतून निवड करावीच लागते. म्हणजे तनयला आपले प्रेम जाहीर करण्यासाठी कोणत्याही संज्ञेची गरज पडत नाही. साध्या क्रियापदाचा प्रत्यय ते काम करतो. 'समलिंगी' हा शब्द दोघांतील नाते वर्गात घालतो. 'तू आलास' हे वाक्य ते नाते जगते. उणीव एवढीच, की ज्याला संबोधावयाचे तो निघून गेलेला आहे. प्रथम पुरुष मिळाला. द्वितीय पुरुषाचे उत्तर अद्याप मिळाले नाही.

हा प्रश्न केवळ ग्रंथांचा नाही, हे धाराशिव जिल्ह्यात शिकविताना जाणवते. तुळजापूर आणि येरमाळा येथील देवीच्या सेवेत स्त्रीवेश धारण करणारे काही पुरुष आराधी आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांना लोकभाषेत नाव आहे आणि मानही आहे. परंतु ते नाव उपासनेतील भूमिकेचे आहे. त्यावरून कोणाच्या प्रेमाविषयी अनुमान काढणे हा अभ्यासातील दोष ठरेल. प्रेमासाठी बोलीत जे शब्द सापडतात ते बहुतांशी शिवीच्या जातीचे; आणि पुस्तकी 'समलिंगी' हा शब्द घरात कोणी उच्चारीत नाही. एम. ए. च्या वर्गात तनयच्या निवेदनाचा गोषवारा लिहावयास दिला असता बहुतेक उत्तरांत 'मैत्री' हाच शब्द आला. एका उत्तरपत्रिकेत मात्र 'प्रेम' असे लिहून ते खोडलेले होते, आणि वर 'मैत्री' लिहिले होते. त्या खोडण्याला मी गुण कापू शकलो नाही आणि देऊही शकलो नाही.

न्यायालयाचा निर्णय एका दिवशी लागू होतो. भाषेत तो उतरावयास बोलणारे लागतात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, त्यामुळे 'पती', 'पत्नी', 'जोडीदार' या शब्दांचा वादही अनिर्णित आहे. आमच्या संशोधक विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील बोलीमधील या विषयाची शब्दसंपत्ती, सांगणाऱ्याचे नाव कोठेही न नोंदविता, जमवावी असे मी सुचवितो. शिव्या तर सापडतीलच. परंतु एखाद्या तालुक्यात, एखाद्या घरात, प्रेमासाठी निराळा शब्द वापरात असेल, तर तो कोशात येण्यापूर्वी आपल्या कानांवर आला पाहिजे.