जबड्यातील सिस्ट, दाह आणि प्रतिरक्षा पेशींची गणना : एक चिकित्सा

प्रस्तावना

पुण्यासारख्या शहरातील दंतमहाविद्यालयांच्या मौखिक विकृतिशास्त्र विभागांत शस्त्रक्रियेने काढलेल्या ऊती पॅराफिनच्या ठोकळ्यांत जतन केलेल्या असतात. जबड्यातील सिस्ट, म्हणजेच अस्थीतील अस्तरयुक्त पोकळी, हा या संग्रहातील नेहमीचा घटक होय. टोल्युइडीन ब्लू हे स्वस्त रंजक वापरून त्यातील मास्ट पेशी मोजता येतात. त्यामुळे अल्प साधनांत करता येण्याजोग्या पदव्युत्तर संशोधनाला हा विषय सोयीचा ठरतो. तथापि, केवळ गणनेवरून कोणते निष्कर्ष काढता येतात, याचा विचार होणे आवश्यक आहे.

गणना आणि कारणमीमांसा

मास्ट पेशींतून हिस्टामीन, हेपॅरीन, ट्रिप्टेज इत्यादी द्रव्ये स्रवतात. रक्तवाहिन्यांची पारगम्यता, पोकळीतील द्रवाचा दाब आणि अस्थिक्षय यांवर त्यांचा परिणाम होऊन सिस्ट वाढते, असे मानले जाते. मात्र रॅडिक्युलर सिस्ट मुळातच दाहजन्य असते. मृत दंतगर्भातील संसर्गामुळे मुळाभोवतीचे मलासेझचे पेशी-अवशेष चेतवले जाऊन ती निर्माण होते. याउलट डेन्टिजेरस सिस्ट व ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट या विकासजन्य होत. पहिल्या प्रकारात मास्ट पेशी, लिम्फोसाइट व प्लाझ्मा पेशी अधिक आढळल्या, तर त्यातून दाहाचे अस्तित्वच पुन्हा सिद्ध होते. वाढीचे कारण सिद्ध होत नाही. दाहाची तीव्रता समान असलेल्या नमुन्यांची तुलना केल्यासच अशा गणनेला अर्थ प्राप्त होतो.

निदानाचा प्रश्न

दाहाकडे दुर्लक्ष झाल्यास हानी केवळ संशोधनाची होत नाही. केराटोसिस्टची ओळख तिच्या पातळ, लाटायुक्त पॅराकेराटीन अस्तरावरून व तळपेशींच्या सुबक रांगेवरून पटते. तीव्र दाह झालेल्या भागात नेमकी हीच लक्षणे लोप पावतात. तेवढाच तुकडा तपासणीस आला, तर ती साधी दाहजन्य सिस्ट समजली जाण्याचा धोका असतो. केराटोसिस्टची पुनरुद्भवाची प्रवृत्ती लक्षात घेता, रुग्णाला अपुरे उपचार व अपुरा पाठपुरावा मिळू शकतो.

वर्गीकरणातील बदलही दुर्लक्षून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या वर्गीकरणात केराटोसिस्टची गणना अर्बुदांत झाली. 2017 मध्ये ती पुन्हा सिस्टच्या गटात आली. या दोन वर्षांच्या दरम्यानच्या अभ्यासांतील ‘सिस्ट’ या गटात नेमके काय समाविष्ट होते, हे तपासल्याशिवाय त्यांच्या आकड्यांची तुलना करणे योग्य नव्हे.

निष्कर्ष

प्रतिरक्षा पेशींची गणना निरुपयोगी नाही. परंतु ती आरंभबिंदू आहे. प्रत्येक नमुन्यातील दाहाची श्रेणी नोंदवणे, अस्तराच्या एकाहून अधिक भागांतील छेद तपासणे आणि ऊतींच्या चित्राची क्ष-किरण चित्राशी सांगड घालणे ही किमान पथ्ये होत. ती पाळल्यास महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील मर्यादित साधनांतूनही विश्वसनीय ज्ञान निर्माण होऊ शकेल.