न मिसळणारे रंग : सिन्याकचे एक बंदरचित्र

पॉल सिन्याक (१८६३–१९३५) या फ्रेंच चित्रकाराच्या बिंदुवादी चित्रांची चर्चा बहुधा त्यांच्यामागील रंगशास्त्रापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. भूमध्य समुद्रावरील सँ त्रोपे बंदराचे त्याने १८९५ साली रंगविलेले ‘तांबडा बोया’ हे चित्र मात्र या शास्त्राला साक्षीदार म्हणून पुढे येत नाही; ते त्याची उलटतपासणीच करते.

शेजारी ठेवलेले पूरक रंग परस्परांना अधिक तीव्र करतात, हा नियम रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३९ साली मांडला होता. झॉर्झ सरा याने त्याच्या आधारे शुद्ध रंगांचे लहान ठिपके शेजारी-शेजारी मांडण्याची पद्धती सिद्ध केली. रंग फलकावर न मिसळता पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळावेत, ही त्यामागील कल्पना. १८९१ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी सरा निवर्तला. पुढच्याच वर्षी सिन्याक आपल्या शिडाच्या नौकेतून सँ त्रोपेला पोहोचला. दिवंगत मित्राचे तंत्र पुढे नेण्याची जबाबदारी आणि दक्षिणेचा प्रखर प्रकाश, या दोहोंशी त्याला एकाच वेळी सामना करावयाचा होता.

प्रस्तुत चित्रात गलबते, त्यांच्या डोलकाठ्या आणि धक्क्यावरील उन्हात तापलेली घरे आहेत. घरांची नारिंगी-पिवळी प्रतिबिंबे निळ्या पाण्यात तुकड्यातुकड्यांनी उतरली आहेत. अग्रभागी तांबडा बोया तरंगतो आहे. सिद्धान्ताची अडचण येथेच लक्षात येते. निळा व नारिंगी हे पूरक रंग. ते डोळ्यांत खरोखर पूर्णपणे मिसळले असते, तर त्यांतून करडेपणाच उरला असता. पाणी झळाळते, कारण हे मिश्रण अपुरे राहते. ठिपके एकमेकांजवळ येतात, पण विरून जात नाहीत. नजर त्यांना जोडू पाहते, पुन्हा विलग करते. लाटेची हालचाल जाणवते ती या न संपणाऱ्या खटाटोपातून.

सिन्याकला बिंदूंपेक्षा रंगांचे विभाजन महत्त्वाचे वाटत होते. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या, देलाक्र्वापासून नव-दृक्‌प्रत्ययवादापर्यंतची परंपरा मांडणाऱ्या ग्रंथात त्याने हा भेद आग्रहाने प्रतिपादिला. तरीही दृष्टिगत मिश्रणाची भाषा त्याने सोडली नाही. त्याचा कुंचला मात्र त्या भाषेच्या पुढे गेला. नंतरच्या चित्रांत ठिपके वाढत जाऊन कुट्टिमचित्रातील तुकड्यांसारखे दिसू लागले. त्यांचे डोळ्यांत एकजीव होणे अधिकच अशक्य झाले.

सिन्याकला अराजकवादी विचारांविषयी आस्था होती. त्यामुळे या स्वतंत्र ठिपक्यांत मुक्त व्यक्तींच्या समाजाचे रूपक पाहण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. रंगांना आधी रंग म्हणूनच पाहिले पाहिजे. १९०४ च्या उन्हाळ्यात सँ त्रोपेला आलेल्या मातीसने पुढे हे शास्त्र मागे टाकले, पण शुद्ध रंगाचे धैर्य स्वीकारले. ‘तांबडा बोया’चे मोलही त्या धैर्यातच आहे. सिद्धान्ताने कलावंताला शिस्त दिली. चित्र जिवंत राहिले ते सिद्धान्ताने दिलेले आश्वासन जेथे पुरे झाले नाही, तेथे.